कार्तिकात ऐंशी

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, हे मी इतकं पक्कं सिद्ध करून ठेवलं होतं की पुढे मला स्वतःलाच ते खोडता येईना. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, सगळीकडे एकच वय. एका कागदाने दुसऱ्याविरुद्ध ब्र काढलेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत तेवीस वर्षं बसलेल्या माणसाचं काम असंच असतं. लोक येतात, शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, रेशनकार्डावर दुसरी, आणि वर आमच्यावरच डोळे वटारतात. मी शांतपणे सांगतो, "पुरावा आणा." घरच्या माणसाच्या बाबतीत असली नामुष्की नको म्हणून २००३ साली मी आईचे सगळे कागद एका रांगेत उभे केले आणि लॅमिनेट करून टाकले.

खरं सांगायचं तर प्रश्न नामुष्कीचा नव्हता. दवाखान्याचा विमा पासष्टच्या पुढच्या माणसाला मिळत नव्हता आणि आई तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास असावी. नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. "बासष्ट सांगा," आमचे शेजारी गोरक्षभाऊ म्हणाले. मतदारांच्या याद्या भरायला आलेला मास्तर आमच्याच कॉलनीतला, दोन कप चहा घेणारा. त्याने बासष्ट लिहिलं. त्या यादीवरून दुसरा कागद झाला, दुसऱ्यावरून तिसरा. विम्याचा पुढे काही उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी. आई मात्र कागदोपत्री डझनभर वर्षांनी तरुण झाली ती झालीच.

आईचं नाव गोजराबाई. मखमलाबाद रस्त्याला आमचं घर, आणि मळ्यातले विकता विकता उरलेले सहा गुंठे घराच्या मागे. त्यात झेंडू आणि थोडा गुलाब. फुलं आईच तोडायची, आईच ओवायची, आणि बाजारात भाव काय निघाला यावरून व्यापाऱ्यांना घरबसल्या शिव्याही आईच द्यायची. २००९च्या होळीच्या सुमाराला माझ्या बायकोच्या, दीपमालाच्या लक्षात आलं की झेंडूच्या वाफ्यापासून ओट्यापर्यंत येताना आई तीनदा बसते. विचारलं तर म्हणायची, "चप्पल सैल झाली व्हती." मग एक दिवस ती चपलेसकट घेरी येऊन पडली.

हृदयाच्या डॉक्टर दिशा मॅडम आमच्या मुलीपेक्षा, वेदिकापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मुलीच्या वयाच्या माणसाने आपल्याला बसा म्हणावं आणि आपण बसावं, इथूनच माझी पडती बाजू सुरू झाली. त्यांनी पडद्यावर आईचं हृदय दाखवलं. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप चुना साचून दगडासारखी झाली होती. दार उघडायच्या जागी नुसती फट उरली होती.

"गोळ्यांनी?" मी विचारलं.

"गोळ्यांनी दार उघडत नाही काका. झडप बदलावी लागते. पण त्यासाठी छाती उघडावी लागते, आणि आजींची किडनी, फुप्फुसं बघता त्या टेबलावरून उठणार नाहीत."

"आणि नाही बदलली तर?"

"चक्कर यायला लागली म्हणजे मग फार वेळ नसतो. वर्ष, दीड वर्ष. कधीकधी त्याहून कमी."

आई शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघून ती म्हणाली, "रंग चांगला दिलाय."

मग मॅडमनी तिसरा रस्ता सांगितला. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार घालायची, तारेवरून मिटलेली नवी झडप वर न्यायची, आणि जुन्या झडपेच्या जागी उघडायची. छाती उघडायची नाही. परदेशात सुरू झालं होतं, आपल्याकडे कुठे होत नव्हतं. पण मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात जुलैमध्ये बाहेरचे डॉक्टर येऊन काही निवडक पेशंटना ही झडप फुकट बसवून दाखवणार होते. अटी दोन. ऑपरेशन झेपणार नाही असं दोन सर्जननी लिहून द्यायला हवं, आणि वय ऐंशी पूर्ण हवं. ज्यांना दुसरा रस्ताच नाही, त्यांच्यावरच आधी करायचं, असा त्यांचा नियम.

मॅडमनी आईच्या लॅमिनेट केलेल्या कार्डाकडे बघितलं, मग आईकडे. "काका, या अडुसष्टच्या आहेत?"

तेवीस वर्षांत माझ्या कागदावर असा संशय कोणी घेतला नव्हता. त्यातून तो खरा होता, त्यामुळे रागावताही येईना.

ही बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झाली आणि गोरक्षभाऊ आले. नोटांच्या छापखान्यात पाण्याच्या लायनी सांभाळून ते निवृत्त झालेले. त्यांनी डॉक्टरांचा कागद उलटासुलटा बघितला.

"भारतभाऊ, मी हजारभर व्हॉल्व्ह बदललेत. मेन लाइन बंद केल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलत नाही. चालू पाण्यात? अशक्य."

"ते बदलत नाहीत, जुन्याच्या आतच नवा बसवतात."

"आणि जुना?"

"तिथेच राहतो. बाजूला दाबून."

गोरक्षभाऊंनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला माझीच माहिती खोटी वाटायला लागली. "कंत्राटदार असंच करतात," ते म्हणाले. नंतर आठ दिवस ते रोज अर्जुनाच्या सालीचा काढा पाठवत राहिले. आई तो गुलाबाला घालायची. गुलाब बरा आला.

सर्जनच्या सह्यांचं काम सोपं वाटलं होतं. आजारी माणूस दाखवायचा आणि आजारी आहे असं लिहून घ्यायचं. पण आईला परक्यासमोर आजारी दिसणं हे उघड्याने बाजारात जाण्यासारखं. तपासणीच्या दिवशी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. डॉक्टरने विचारलं, "आजी, दम लागतो?" तर म्हणाली, "छ्या! मला काय झालंय?" पायावर सूज? "चांगलं खाते, म्हणून अंग धरलंय." मी मागून डोळ्यांनी खुणा करत होतो. आईने त्या डॉक्टरलाच दाखवल्या. "माझ्या पोराला जरा बघा. त्याचे डोळे सारखे फडफडत्यात."

मग सहा मिनिटं चालायची परीक्षा. इस्पितळाच्या लांब बोळात, जमेल तसं, आपल्या चालीने चालायचं. आमच्या आधी पाथर्डीकडचे एक आजोबा चालून गेले होते. आईने नर्सला विचारलं, "त्यो म्हातारा किती चालला?" नर्सने निष्पापपणे आकडा सांगितला. संपलं. आई निघाली ती बाजारात पहिली गिऱ्हाईकं गाठायची असल्यासारखी. दुसऱ्या फेरीत ओठ निळसर झाले. मी "बस कर, बस कर" ओरडत मागे पळत होतो, आणि बोळातले लोक म्हाताऱ्या आईला पळवणाऱ्या मुलाकडे बघत होते. तिसऱ्या फेरीच्या टोकाला ती भिंत धरून खाली घसरली. दोन्ही सर्जननी तिथल्या तिथे सह्या केल्या.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हाताऱ्याच्या पुढं गेले का?"

"गेलीस," मी म्हणालो. खोटं होतं. मी तिचा हात सोडायला तयार नव्हतो.

राहिलं वय. आईचा जन्मदाखला काढायचा म्हटलं, तर माझ्याच खिडकीत माझ्या हाताखालचा रविराज मला म्हणाला, "भाऊसाहेब, पुरावा लागेल." बिचाऱ्याने चेष्टा केली नव्हती. नियमच सांगितला होता, तोही माझ्याच आवाजात. त्या आठवड्यात हरसूलकडची एक बाई नातवाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली होती. तिला मी नेहमीप्रमाणे "पुरावा आणा" म्हणालो आणि मग मला तिच्याकडे बघवेना. दाखला मात्र दिला नाही. नियम तो नियम.

आईचं माहेर सिन्नरच्या पुढे. तिथल्या गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होत्या. तिथला कारकून माझ्यासारखाच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. अर्ज दिला, दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला त्याने लाल फडक्यात बांधलेली वही समोर ठेवली. आईच्या वडिलांचं नाव लहानू. बोट फिरवत मी शोधून काढलं: १९२४, लहानू, मुलगी. आनंदाने उठलोच. पण बोट खाली गेलं. १९२९, नोव्हेंबर, लहानू, मुलगी. आणखी खाली, १९३३, लहानू, मुलगी.

त्या काळी जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव लिहीतच नसत. बारसं व्हायच्या आधी नोंद. तीन मुली, तीन तारखा, नाव एकीलाही नाही. पहिली म्हणजे पंच्याऐंशी. दुसरी म्हणजे ऐंशीला चार-पाच महिने कमी. तिसरी म्हणजे पंचाहत्तर.

"यातली तुमची आई कोणती?" कारकुनाने विचारलं.

धाकटी कुसामावशी, ती वारली त्याला दहा वर्षं झाली. ती धाकटी हे मला माहीत होतं. म्हणजे आई पहिली किंवा दुसरी. मी पान उलटलं. मृत्यूच्या नोंदीत नाव लिहीत असत. १९३३, श्रावण: नवसा, लहानूची मुलगी, वय नऊ, ताप.

सगळं स्वच्छ होतं. मी वही मिटली. तेवीस वर्षं ज्याने लोकांच्या वह्या तपासल्या त्याने ती स्वतःच्या हाताने मिटली.

"पहिली," मी म्हणालो. "१९२४चा उतारा द्या."

त्याने फक्त मागितलेल्या नोंदीचा उतारा दिला, सहीशिक्क्याचा, शंभर टक्के खरा. एकदा आईला मी डझनभर वर्षांनी लहान केलं होतं, आता पाच वर्षांनी मोठं केलं. हिशेबाने अजूनही ती फायद्यात आहे असं मनाशी म्हणत मी जीपमध्ये बसलो.

घरी ओट्यावर आई झेंडू ओवत होती. मी उतारा वाचून दाखवला आणि म्हणालो, "मुंबईत वय विचारलं की पंच्याऐंशी सांगायचं."

सुई थांबली. "ते नवसाचं हाय."

"तुला काय माहीत?"

"मला नाय माहीत तर कोणाला? नवसा मला कडेवर घेऊन फिरायची. कुसा झाली त्या साली गेली. माझा जनम कार्तिकातला. आय सांगायची, तुळशीचं लगीन झालं आन् तू आली." तिने फूल ओढून घेतलं. "येत्या कार्तिकात ऐंशी भरत्याल. तू मला इचारलंच नाय कधी."

खरंच विचारलं नव्हतं. बाईच्या तोंडी सांगण्याला आमच्याकडे पुरावा म्हणत नाहीत.

"आई, जुलैत ऐंशी पूर्ण पाहिजेत. नाहीतर झडप मिळणार नाही."

ती काही बोलली नाही. मी ते हो समजलो. आमच्या घरात बायका गप्प बसल्या की पुरुष हो समजतात. दीपमालाने आतून येऊन माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून नेला. मी अजून प्यायलो नव्हतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी करून आम्ही मुंबईला गेलो. गोरक्षभाऊ वाटेवर पोहोचवायला आले, आईच्या कानात म्हणाले, "आजारी दिसा हो, गोजराबाई." इस्पितळ इतकं गार होतं की आईने पदर डोक्यावरून दोनदा घेतला. सह्या झालेल्या, हृदयाचा इको झालेला, मांडीची नस तपासली ती पुरेशी मोठी निघाली. सगळं जमत आलं होतं. शेवटी एक मध्यमवयीन डॉक्टर समोर बसले. मराठी नीट बोलणारे, हळू आवाजाचे. फॉर्मवर त्यांनी पंच्याऐंशी वाचलं आणि सहज म्हणाले, "आजी, पंच्याऐंशी! भावंडं किती होती तुम्ही?"

मला वाटतं त्यांनी वय विचारलं असतं तर आई शिकवल्यासारखं बोलली असती. त्यांनी भावंडं विचारली.

"तिघी," आई म्हणाली. "मोठी नवसा. मग मी. मग कुसा." मग तिने डॉक्टरकडे सरळ बघितलं. "त्यो कागद नवसाचा हाय साहेब. ती नऊ वर्साची गेली. मला कार्तिकात ऐंशी भरत्याल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. त्या खोलीत माझी जी काही इभ्रत होती ती खुर्चीखाली जाऊन बसली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, नियम आम्ही केलेला नाही, तो मोडला तर सगळ्या पेशंटचं काम बंद पडेल. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा डॉक्टर येणार आहेत, तेव्हा आजी नियमात बसतात. तोवर सांभाळा. निघताना त्यांनी आईच्या पायांना हात लावला. आईने त्यांना विचारलं, तुमच्याकडे झेंडूला काय भाव आहे. त्यांना माहीत नव्हता.

परतीच्या गाडीत इगतपुरीपर्यंत मी कागद मांडीवर धरून बसलो होतो. घाटात धुकं होतं आणि ड्रायव्हर काच पुसत होता. मग माझा बांध फुटला.

"तुला मरायचंय का?"

"मरायचं असतं तर आले असते का एवढ्या लांब?"

"मग एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मी तुझ्यासाठी किती खेपा घातल्या!"

"लय घातल्या," ती म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली. "पण नवसाला नऊच वर्सं मिळाली रे. ती बी मी घेऊ? वर गेल्यावर ती इचारल, माझी वर्सं कुठं गेली, तर काय सांगू?"

मी खिडकीबाहेर तोंड करून रडलो. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "याला गाडी लागती."

त्यानंतर मी पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेलो. १९२९चा उतारा घेतला. नवसाच्या मृत्यूचाही घेतला, म्हणजे कोणी शंका काढायला नको. तिथल्या कारकुनाने दोन्हीवर सह्या केल्या आणि काही विचारलं नाही. चांगला माणूस. अर्ज, सह्या, इको, दोन उतारे, दीपमालाने आणलेली नवी फाइल. डिसेंबरसाठी सगळं तयार होतं. माझ्या आयुष्यात इतकी पक्की फाइल मी केली नव्हती. आता नुसतं दिवस जायचे होते.

आईला ओट्यापर्यंत यायला आता पाच वेळा बसावं लागायचं. रात्री ती उशांना टेकून बसूनच झोपायची. मी कॅलेंडर बघायचो, ती माझ्याकडे बघायची. "कार्तिक पळून नाय जात," म्हणायची. हरसूलच्या त्या बाईला मी एक दिवस बोलावून घेतलं आणि तिला काय काय माहीत आहे ते सगळं विचारलं. अर्धा तास लागला. तिच्याकडे पुरावा होता, गावच्या दाईचा, फक्त तो कोणी विचारला नव्हता. दाईचा जबाब घेऊन नियमाने दाखला निघाला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी झेंडूची शेवटची तोड होती. आई ऐकेना. वाफ्याच्या कडेला पाट मांडून बसली, हाताला येतील तेवढी फुलं तोडत. दीपमाला दोनदा बाहेर येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा तिला वाटलं सासूबाई टेकून डुलकी घेताहेत. तिसऱ्यांदा तिने मला हाक मारली. टोपली अर्धी भरली होती.

गोरक्षभाऊ आले. म्हणाले, "चालू पाण्यात बदलता आला असता, भारतभाऊ. मी उगाच बोललो." मग ते आमच्या मागच्या नळाशी बसले आणि गळत नसलेला नळ घट्ट करत राहिले.

पाचव्या दिवशी मी कचेरीत गेलो. खिडकीच्या आतल्या बाजूला माझी खुर्ची होती, मी बाहेरच्या बाजूने गेलो. रांगेत उभा राहिलो. रविराज उठून आत या म्हणाला, मी नको म्हणालो. माझा नंबर आल्यावर त्याने फॉर्म ओढला. नाव, पत्ता, दिनांक.

"वय, भाऊसाहेब?"

"एकोणऐंशी."

त्याने लिहिलं. मी फाइल उघडून उतारा पुढे सरकवला.

"हे काय?"

"पुरावा."

रविराजने कागद हळूच माझ्याकडे परत ढकलला. "मेल्यावर वयाचा पुरावा लागत नाही, भाऊसाहेब. तुम्हीच शिकवलंत."

ते खरं होतं. मेलेल्या माणसाचं वय लोक सांगतील ते मी तेवीस वर्षं लिहीत आलो होतो. "तरी बघ," मी म्हणालो. "एकदा बघ." माझा आवाज चढला असावा, कारण मागची रांग गप्प झाली. रविराजने चष्मा लावला आणि उतारा वाचला, वरपासून खालपर्यंत, शिक्क्यासकट. "बरोबर आहे," म्हणाला. "कार्तिकात ऐंशी झाल्या असत्या."

आईच्या नावाचे जेवढे कागद आहेत, त्यांत तिचं वय बरोबर लिहिलेला हा मृत्यूचा दाखला एकच. बाकीचे सगळे मी लॅमिनेट करून घेतले होते. हा तसाच ठेवला आहे.